एका शनिवार-रविवारात भोपळ्याची गाणारी फिल्म: आधी गाणं की आधी चित्रं?

मिरजकरीण (गुरुवार, रात्री १०.१५)

नमस्कार मंडळी. शनिवारी सकाळी सुरू करून रविवारी झोपायच्या आत संपवायची, अशी मिनिटभराची गाण्याची अ‍ॅनिमेशन फिल्म आम्ही घरी करतोय. माणसं तीनच: मी, सहावीतली लेक आणि माझे वडील. अण्णा भजनी मंडळात पेटी वाजवतात, घरात त्यांचा जुना तंबोरा आहे.

गोष्ट लेकीची. आमच्या मिरजेत सतारमेकरांच्या दुकानांत तंबोऱ्यांसाठीचे मोठाले भोपळे टांगलेले असतात. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात ते. चवीला कडू, त्यामुळे भाजीला कुणी घेत नाही. लेक परवा विचारते, "तो एवढा वर टांगून दिवसभर काय म्हणत असेल?" आणि रात्री वहीत हे लिहून आणलं:

कडू मी, कडू मी, भाजीत नको,
उन्हात वाळलो, बियाही नको,
पोट झालं रिकामं, आत शिरला वारा,
तंबोरेवाल्या काका, मला नेता का घरा?

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही कावळ्याचं एक गाणं करायला बसलो होतो. आधी भरपूर चित्रं काढली, मग गाणं म्हटलं. कावळा उडी मारायचा तेव्हा गाणं दुसऱ्याच ओळीत गेलेलं असायचं. शिवाय खिडकीतलं ऊन सरकेल तसा कागद कधी पिवळा, कधी पांढराफटक. लेक रडली होती. या वेळी तसं व्हायला नको आहे मला.

मोबाईल आहे, शोकेसची सुटी काच आहे, दोन टेबललॅम्प आहेत. चित्रं किती लागतील? आणि ओठ कसे हलवायचे?

कागदकात्री (शुक्रवार, सकाळी ७.४०)

ताई, आधी गाणं. यात दुसरा विचारच नको. मी कुडाळचा. आमच्या पिंगुळीला चित्रकथी अजून चालते. वीणा, टाळ, हुडूक घेऊन कथा गातात, आणि गाण्यातला प्रसंग आला की पोथीतलं पुढचं चित्र समोर येतं. चित्राने गाण्याच्या मागून जायचं असतं, हे मी तिथे शिकलो.

आता हिशेब. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ९० ठोक्यांवर ठेवा. फिल्म सेकंदाला २४ फ्रेमची, म्हणजे एका मात्रेला, एका ठोक्याला, बरोबर १६ फ्रेम. एक चित्र दोन फ्रेम ठेवायचं, म्हणजे मात्रेला ८ चित्रं. केरवा आठ मात्रांचा, म्हणजे त्याच्या एका आवर्तनाला, एका पूर्ण फेरीला, ६४. बारा आवर्तनं घेतलीत तर ७६८ चित्रं आणि ६४ सेकंद. ९२ ठेवाल तर मात्रेला साडेपंधराच्या वर काहीतरी येतं, आणि चौथ्या-पाचव्या आवर्तनात कावळ्याचं झालं तेच होतं. चालीला ९० संथ वाटलं तर १२० घ्या, मात्रेला ६ चित्रं पडतील. मधलं काही नको.

रेकॉर्डिंग झालं की लेकीची गणिताची चौकटीची वही घ्या. एक चौकट म्हणजे एक फोटो. आठ चौकटींनंतर जाड रेघ. त्यावर गाण्याचं अक्षर जिथे पडतं तिथे लिहायचं. "कडू" कुठे, "मी" कुठे, सगळं. शनिवार दुपारपर्यंत फक्त एवढंच झालं तरी घाबरू नका, उरलेलं त्याच्या जोरावर भराभर होतं.

तोंडं पाच कापा: मिटलेलं, आ, ए-ई, ओ, ऊ. सगळ्यात महत्त्वाचं मिटलेलं. प, फ, ब, भ, म ला ओठ मिटले नाहीत तर बघणाऱ्याला लगेच खटकतं. बाकीची थोडी इकडेतिकडे झाली तरी चालतात. आणि तोंड आवाजाच्या एक चौकट आधी बदलायचं.

भोपळ्याचं डोलणं दोन मात्रांचं करा, सोळा फोटो. तोंड न हलवता एकदा नीट काढलेत की मधल्या पेटीच्या तुकड्यांना तेच पुन्हा लावता येतात.

रात्रपाळी (शुक्रवार, दुपारी १.०५)

उजेडाचं मी सांगते. पडदे ओढा, वर चादर लावा, दिवसाचा उजेड अजिबात नको. मोबाईलमध्ये फोकस, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स तिन्ही लॉक करा. एक जरी मोकळं राहिलं तरी तुमचा हात मध्ये आला की फोन स्वतःच उजेड कमीजास्त करतो. दोन्ही लॅम्प बाजूंनी, तिरके, नाहीतर काचेत बल्ब दिसेल. तुम्ही गडद कपडे घाला, पांढरा कुर्ता काचेत उमटतो. बटण दाबताना फोन हलू नये म्हणून इयरफोनच्या बटणाने फोटो घ्या. पंखा बंद. एक चित्र दोन फ्रेम, म्हणून फोटो जोडायच्या अ‍ॅपमध्ये सेकंदाला १२ फोटो ठेवलेत की झालं.

आणि लेकीला हेही सांगा: फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी कुंडीतल्या वाटाण्याचं रोप कसं वाढतं ते असंच एकेक फ्रेम घेत टिपलं होतं, आणि ते दाखवून भांडवल उभं केलं. तुमचा भोपळा त्याच वेलीवरचा.

खर्ज (शुक्रवार, रात्री ९.३०)

अण्णांना नमस्कार सांगा. वरचा हिशेब गाण्यासाठी उत्तम आहे, पण तंबोऱ्याला तो लावू नका. तंबोरा ठेक्याला बांधून छेडत नाहीत. पंचम, जोडाच्या दोन तारा, खर्ज, ही चार तारांची फेरी आपल्या गतीने चालू राहते. मात्रेवर तार वाजवलीत तर तो तंबोरा न राहता ताल धरणारं वाद्य होईल, आणि भोपळ्याचं सगळं स्वप्न तिथेच मोडेल.

तंबोरा वेगळा रेकॉर्ड करून खाली ठेवा. वहीत तारांसाठी निराळी ओळ आखा. ठेक्याचं आवर्तन ६४ चौकटींचं, तर तारांची फेरी ४२ ची धरा. तंबोराही त्याच फेरीने छेडा, साडेतीन सेकंदांना एक. दोन्ही आपापल्या चालीने जातील आणि क्वचितच एकत्र पडतील.

जवारीचा दोरा मात्र दाखवाच. घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, तारेखाली तो दोरा केसभर सरकला की बसका आवाज एकदम खुलतो. गोष्टीचा शेवट तिथे आहे, असं मला वाटतं.

मिरजकरीण (रविवार, रात्री ११.५०)

झाली! लेक झोपली, मी आधी इथे आले.

बारा आवर्तनं झेपली नाहीत, नऊ केली. ५७६ चौकटी, ४८ सेकंद. पेटीच्या तुकड्यांत डोलणं नऊ वेळा लागलं. ते एकदाच काढल्यामुळे १२८ फोटो वाचले, काढावे लागले ४४८. अण्णा "तंबोरेवाल्या काका"ला दर वेळी लय चढवायचे, भजनाची सवय. शेवटी एका कानात मेट्रोनोम दिला आणि सहाव्या खेपेला गाणं बसलं. वही आखण्यात शनिवारचे दुपारचे तीन वाजले. कागदकात्री, तुम्ही घाबरू नका म्हणाला नसतात तर मी तिथेच गुंडाळलं असतं.

मिटलेलं तोंड म्हणजे काळ्या कागदाची तांदळाच्या दाण्याएवढी पट्टी. ती उचलायला लेकीने माझा भुवयांचा चिमटा घेतला. पट्टी इतकी हलकी की तिच्या श्वासानेही सरकायची. मग तिनेच पद्धत काढली: श्वास रोखायचा, पट्टी ठेवायची, मान मागे घ्यायची, "हं" म्हणायचं, मी बटण दाबायचं. आठ तास ते "हं" ऐकलंय मी. आत्ताही कानात आहे.

खर्ज, तुमचा निरोप वाचून दाखवला तेव्हा अण्णा काही न बोलता उठले आणि तंबोऱ्याची गवसणी काढली. दोरा आम्ही शिवणाच्या लाल रिळातला घेतला, म्हणजे पडद्यावर दिसेल. शेवटी भोपळा तंबोऱ्याला लागतो, दोरा सरकतो आणि भोपळा पहिल्यांदाच तोंड मिटून गातो. तोंड मिटायची कल्पना लेकीची.

तंबोरा रेकॉर्ड करताना फिल्मपुरता हवा होता, पण अण्णा थांबलेच नाहीत. चाळीस सेकंद जास्तीचे आहेत. ते कापले नाहीत. चित्र संपतं, पडदा काळा होतो आणि तंबोरा चालू राहतो.