भंगाराच्या शिल्पातून मुलांना पुनर्चक्रीकरण कसे शिकवावे?

प्रश्न (शिक्षिका, सातारा जिल्हा)

आमच्या शाळेच्या आवारात गावातल्या एका फॅब्रिकेशन कारागिराच्या मदतीने भंगारातून मोर उभारायचे ठरले आहे. सायकलच्या चेनची मान, फ्रीव्हीलचे डोळे आणि स्पोकचा पिसारा असे चित्र पाचवी ते सातवीच्या मुलांनीच काढले आहे. दिल्लीत सराय काले खाँ येथे २०१९ मध्ये खुल्या झालेल्या ‘वेस्ट टू वंडर’ उद्यानात सुमारे १५० टन भंगारातून जगातील सात आश्चर्यांच्या प्रतिकृती घडवल्या आहेत. त्यांची छायाचित्रे पाहून मुलांना ही कल्पना सुचली. मोर सर्वांना आवडेल यात शंका नाही, परंतु तो पाहून मुलांना धातूच्या पुनर्चक्रीकरणाविषयी नेमके काय कळेल, हे मला ठरवता येत नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (विज्ञान शिक्षक, पुणे)

ताई, आपली शंका रास्त आहे, कारण मोर हा पुनर्वापर आहे, पुनर्चक्रीकरण नव्हे. चेन मोराच्या मानेत बसली तरी चेनच राहते. जालन्याच्या पोलाद कारखान्यांत मात्र भंगार विजेच्या भट्टीत वितळवून त्याच्या बांधकामाच्या सळया बनतात आणि तिथे चेनची ओळखही उरत नाही. हा फरक मुलांना आधी सांगू नका. ‘उद्या मोर मोडला, तर त्यातले लोखंड कुठे जाईल?’ एवढेच विचारा आणि त्यांना बोलू द्या.

माझ्या मते खरा पाठ वेल्डिंगच्या आधी, वर्गवारी करताना होतो. घरून आलेल्या भंगारावर प्रत्येक गटाने लोहचुंबक फिरवावे. लोखंड आणि बीड (ओतीव लोखंड) चिकटते. तांबे, पितळ आणि जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, पातेली चिकटत नाहीत. स्टीलपाशी मुले हमखास अडतात. आमच्या वर्गात एका मुलीच्या डब्याला चुंबक चिकटले नाही, पण त्याच डब्यातल्या चमच्याला चिकटले, आणि दोन्ही ‘स्टील’च कसे, यावर अर्धा तास चर्चा रंगली. निकेल मिसळलेले स्टील बहुधा चिकटत नाही, हे त्यानंतर सांगितले तेव्हा मिश्रधातू म्हणजे काय, हे मला वेगळे शिकवावे लागले नाही. जर्मनचे पातेले हाती आलेच, तर खनिजापासून नवे ॲल्युमिनियम बनवण्याच्या तुलनेत जुने वितळवल्यास सुमारे ९५ टक्के ऊर्जा वाचते, हेही तेव्हाच सांगावे.

उत्तर (फॅब्रिकेशन व्यावसायिक, कोल्हापूर)

वेल्डिंग कारागिरालाच करू द्या आणि मुलांना ठिणगीकडे उघड्या डोळ्यांनी पाहू देऊ नका. जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्यावर वेल्डिंग केल्यास निघणाऱ्या धुराने ताप येतो, म्हणून असा पत्रा मोरात वापरूच नये. जुने शॉकअप, पेट्रोलची टाकी आणि बॅटरी भंगारातून आधीच बाजूला काढावी. बंद शॉकअप किंवा रिकामी टाकी तापल्यास फुटू शकते. मुलांना पिसाऱ्याचे स्पोक बाइंडिंगच्या तारेने बांधता येतील, मात्र तत्पूर्वी प्रत्येक धार कानशीने घासून बोथट करून घ्यावी आणि जाड हातमोजे द्यावेत.

उत्तर (कचरावेचकांसोबत काम करणारी कार्यकर्ती, पुणे)

या साऱ्यात माणूस राहून जाऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पुण्यात कचरावेचकांनी १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभारली, कारण ज्यांच्या हातांनी ही वर्गवारी होते त्यांना कोणी कामगार मानत नव्हते. म्हणून गावातल्या भंगारवाल्या काकांना एक दिवस शाळेत गुरुजी म्हणून बोलवा. चकचकीत नळावर कानस घासून आतला पिवळा पितळ ते क्षणात दाखवतील, आणि लोखंडाच्या मानाने तांब्याचा भाव इतका जास्त का, हेही वजनकाट्यासमोर उभे राहून सांगतील.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काकांना विचारले, त्यांनी आनंदाने होकार दिला असून ते स्वतःचा काटा घेऊन येणार आहेत. आता एकच शंका उरली आहे: मोराला रंग द्यावा का?

उत्तर (फॅब्रिकेशन व्यावसायिक, कोल्हापूर)

एका बाजूला रेड ऑक्साइडचा प्रायमर आणि त्यावर रंग द्या, दुसरी बाजू तशीच उघडी ठेवा. पाऊस सुरू झाला की दोन्ही बाजूंवर गंज कसा आणि किती चढतो, याची नोंद मुलांनी दर आठवड्याला ठेवावी. उघड्या बाजूला मात्र मुलांनी हातमोज्यांशिवाय हात लावू नये.