मराठी मंडळात सिद्दी मुलाला रंगावरून चिडवायलेत, काय करावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी बेळगावातल्या एका कॅम्पसवर पीजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेजचं नाव देत नाही, त्या पोराची ओळख पटायला नको. आमचं विद्यार्थ्यांचं मराठी मंडळ आहे, शिवजयंती, वक्तृत्व, गॅदरिंग सगळं आम्हीच करतो, मी सहसचिव आहे.

यंदा फर्स्ट इयरला एक सिद्दी मुलगा आला (सिद्दी म्हणजे ज्यांचे पूर्वज आफ्रिकेतनं आले तो समाज), खानापूर तालुक्यातल्या जंगलपट्टीतला. शाळा मराठीत झालेली, आवाज असा की माइक नसला तरी मागच्या बाकापर्यंत जातोय. म्हणून सूत्रसंचालनाला त्याचं नाव घातलं. तर तालमीला तो कागद हातात घेऊन वाचत होता, आणि एका सीनियरनं सगळ्यांसमोर कागद काढून घेतला, म्हणाला तू स्टेजवर नको, फोटो काळे येतात, तू ढोल घे. सगळे हसले, तो पण हसला. मग कागद परत मागून घेतला, चार घड्या घालून खिशात ठेवला आणि खरंच ढोलाकडं गेला. तेव्हापासून तालमीला येतो, पण चहाला आमच्याबरोबर थांबत नाही.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर रोजचं आहे, 'नायजेरिया आला का', माकडाचे स्टिकर. आता चित्ररथात त्याला सिद्दी जौहर करायचं ठरलंय, का तर मेकअपचा खर्च वाचतो. मला याचा सगळ्यात जास्त राग येतो. 1660 ला पन्हाळ्याला जौहरनं वेढा घातला हे सगळ्यांना पाठ आहे, पण तो वेढा फोडायला नेताजी पालकरांबरोबर सिद्दी हिलाल पण महाराजांच्या बाजूनं लढला, त्याचा पोरगा वाहवाह त्यात जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला, ते कुणी सांगत नाही. आणि आपल्याकडच्या सिद्दींचा जौहरशी नाहीतर जंजिऱ्याच्या सिद्दींशी काय संबंध? यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या पूर्वजांना पोर्तुगीजांनी गुलाम करून गोव्यात आणलेलं, तिथनं सुटून ते हळियाळ, यल्लापूर, खानापूरच्या रानात आले. पिढ्यान् पिढ्या इथलेच आहेत की.

बेळगाव कर्नाटकात घातलं म्हणून आपण दरवर्षी 1 नोव्हेंबरला काळा दिवस पाळतो, आमच्याच गावात आम्हाला परकं का ठरवता म्हणून विचारतो, मग आपल्याच भाषेत बोलणाऱ्या पोराला आपण आफ्रिकेला कसं पाठवतो हे मला कळंना झालंय.

अध्यक्षाशी बोललो. तो म्हणतोय मस्करी आहे, आम्ही एकमेकांना जाड्या, टकल्या म्हणतोच की, आणि हे बाहेर गेलं तर कन्नड संघटनावाले भांडवल करतील, मंडळच बंद पाडतील. ही भीती खोटी नाही, बेळगावात कशाचं काय होईल सांगता येत नाही. पण म्हणून गप्प बसायचं? पोरगा स्वतः म्हणतोय, जाऊ दे दादा, मला डिग्री घेऊन जायचंय.

तर त्याच्या मर्जीशिवाय मी तक्रार करावी का? आणि मंडळातल्या मंडळात हे मिटवायला काय करता येईल? अनुभव असेल त्यांनी सांगा प्लीज.

— सहसचिव

खानापूरकर: मी कॉलेजात शिकवतो. ही मस्करी नाही, नियमानं रॅगिंग आहे. यूजीसीच्या 2009 च्या रॅगिंगविरोधी नियमात 2016 ला दुरुस्ती झाली, त्यात रंग, वंश, जात, भाषा, जन्मठिकाण यावरनं केलेला मानसिक छळ आणि वगळणं स्पष्ट घातलंय. बघणाऱ्यानं पण तक्रार करता येते, नाव गुप्त ठेवायचं बंधन संस्थेवर आहे. हेल्पलाइन 1800-180-5522. पण एक लक्षात घ्या, गुन्ह्यासारखं काही दिसलं तर प्रिन्सिपलना पोलिसात कळवावं लागतं. शिवाय 2020 पासून बेळगाव जिल्ह्यातले सिद्दी पण अनुसूचित जमातीत (एसटी) आलेत, त्यामुळं अ‍ॅट्रॉसिटीचा विषय निघू शकतो. लेखी द्यायच्या आधी पोराला हे सगळं समजावून सांगा, मग त्याला ठरवू दे. स्क्रीनशॉट मात्र आजच काढून ठेवा, ग्रुपवरचं उद्या डिलीट होईल.

वडगावची_ताई: अरे, त्याच्याकडनं समजूतदारपणाची अपेक्षा धरू नको. तो 'जाऊ दे' म्हणतोय कारण त्याला अजून दोन-तीन वर्षं याच पोरांत काढायचीत. त्याला मीटिंगला बोलावून सगळ्यांसमोर 'तुला वाईट वाटलं का' असं अजिबात विचारायचं नाही. आधी सूत्रसंचालन त्याला परत द्या, ते तर तुझ्या हातात आहे ना? आणि ज्या मॅडम किंवा सर मंडळ बघतात त्यांना एकटा जाऊन भेट.

सहसचिव: ताई, सर, खूप आभार. स्क्रीनशॉट काढले. आज संध्याकाळी त्याला भेटून नियम दाखवणार, तक्रार करायची का नाही ते तोच सांगेल. मंडळाचं मात्र मी थांबवणार नाही, येत्या मीटिंगला दोन ठराव मांडणार, चित्ररथात कुणाला रंग बघून भूमिका द्यायची नाही, आणि रंग-जातीवरनं बोलेल त्याला त्या वर्षी कमिटीत जागा नाही. अध्यक्ष विरोध करणार हे नक्की, पण चार-पाच जण माझ्या बाजूनं आहेत. तुमच्या कुणाच्या मंडळाच्या घटनेत असं कलम असलं तर शब्दन् शब्द इथं टाका, आम्हाला नीट लिहायचंय.