शेवटच्या लढाईआधी आमुरो खोटे बोलतो, ते योग्य होते का?

दुर्बीण

'मोबाइल सूट गंडम' ही मूळ जपानी ॲनिमेशन मालिका मी गेल्या महिन्यात दुसऱ्यांदा पाहिली आणि बेचाळिसाव्या भागातल्या एका लहानशा प्रसंगापाशी अडकून पडलो. ज्यांनी मालिका पाहिलेली नाही, त्यांना पुढे वाचताना शेवट कळेल, हे आधीच सांगून ठेवतो.

प्रसंग असा आहे. वर्षभर चाललेले युद्ध आता आ बाओआ कू या, पृथ्वीच्या संघराज्याशी लढणाऱ्या झिऑन या वसाहती-राज्याच्या, अंतराळातल्या किल्ल्यापाशी येऊन ठेपले आहे. त्याच्या आधीच्याच भागात झिऑनने एका अख्ख्या अंतराळ-वसाहतीची प्रचंड लेसर तोफ बनवून तिच्या एकाच झोतात पृथ्वीच्या संघराज्याच्या आरमाराचा मोठा हिस्सा सेनापती रेविल यांच्यासह नाहीसा केला आहे. तरीही उरलेली जहाजे गोळा करून हल्ला करायचाच, असे ठरते. 'व्हाइट बेस' या जहाजावरची बहुतेक मंडळी मुळात सैनिक नव्हेत. आपली वसाहत उद्ध्वस्त झाली तेव्हा जीव वाचवण्यासाठी जहाजावर चढलेली आणि मग तिथेच लढायला शिकलेली ही मुले आहेत. कप्तान ब्राइट अवघा १९ वर्षांचा आहे. हल्ल्याचा बेत ऐकून सगळ्यांचे चेहरे उतरलेले असतात आणि अशा वेळी गंडम हा लढाऊ यंत्रमानव चालवणारा मुलगा आमुरो शांतपणे म्हणतो, की मोहीम यशस्वी होईल. ब्राइट विचारतो, "हा न्यूटाइपचा अंदाज का?" आमुरो होकार देतो. (न्यूटाइप म्हणजे अंतराळातल्या जगण्याने ज्यांची जाणीव इतकी तीव्र झाली आहे, की दुसऱ्याच्या मनातले त्यांना दुरूनही उमगते, अशी माणसे.) त्या एका शब्दाने सगळ्यांच्या जिवात जीव येतो.

लगेच पुढच्या दृश्यात, लिफ्टमध्ये, सोबत्यांनी विचारताच आमुरो कबूल करतो, की ते खोटे होते. न्यूटाइप झाल्याने पुढचे कळत असते तर इतके सोसावेच लागले नसते. त्यावर त्यांच्यातलीच सेला म्हणते, की असे कोणी सांगितले नसते, तर भीतीने सगळेच पळून गेले असते.

माझा प्रश्न मनापासून आहे. ज्यांच्या जिवावर बेतणार आहे, त्यांना खरी परिस्थिती कळण्याचा हक्क नाही का? आणि ज्याच्या शब्दावर सगळ्यांचा भरवसा आहे, त्यानेच तो भरवसा असा वापरावा का?

मावळतीचे ऊन

आपला प्रश्न वाचल्यावर मला पहिल्यांदा 'नरो वा कुंजरो वा' आठवले, आणि लगेच लक्षात आले, की ही तुलना अर्धीच लागू पडते. धर्मराजाच्या त्या अर्धसत्याने द्रोणाचार्यांच्या हातातले शस्त्र खाली ठेववले. आमुरोच्या असत्याने आपल्याच माणसांच्या हातातले शस्त्र गळून पडू दिले नाही. मला महाभारतातला शल्य इथे अधिक जवळचा वाटतो, तोही उलट्या बाजूने. कर्णाचे सारथ्य करताना शल्य त्याचा पदोपदी तेजोभंग करत राहतो. त्याच्या बोलण्यात खरे किती आणि खोटे किती याचा हिशेब कोणी करत नाही, कारण ऐन रणात त्या बोलण्याचे काम एकच होते, समोरच्याचे मन खचवणे. शब्द रणांगणावर गेले, की ते नुसते खरे किंवा खोटे राहत नाहीत, हे आपल्याकडे फार पूर्वीपासून ओळखलेले आहे.

आपण म्हणता तो प्रसंग एकटा पाहू नये, असे मला वाटते, कारण त्याच भागात झिऑनचा सर्वेसर्वा गिरेन आपल्या सैनिकांपुढे भाषण करतो. शत्रूचे निम्मे आरमार आपल्या तोफेने मिटवले आणि तो झळाळ म्हणजेच झिऑनच्या न्याय्य बाजूचा पुरावा, असे तो गर्जून सांगतो. त्या झळाळात त्याचे स्वतःचे वडील देगिन जळून गेले आहेत. ते तहाची बोलणी करायला रेविल यांच्याकडे गेले होते, गिरेनला ते ठाऊक होते आणि तरीही त्याने तोफ डागली; समोर जयघोष करणाऱ्या हजारो सैनिकांना यातले काहीच माहीत नाही. हीसुद्धा लढाईआधी धीर देणारी वाणीच आहे. फरक असा, की गिरेन आपले असत्य भाषणानंतरही कोणापाशी कबूल करत नाही. त्याची बहीण किशिरिया स्वतः ते ताडते आणि ऐन लढाईत त्याला गोळी घालते. आमुरो मात्र विचारताक्षणी कबूल करतो. म्हणून मी आमुरोच्या बाजूने आहे.

यंत्रशाळा

मी आमुरोच्या बाजूने नाही, आणि त्याचे कारण त्याच भागातला तिसरा प्रसंग आहे, ज्याकडे आपण दोघांनीही लक्ष दिलेले दिसत नाही. झिऑनचा योद्धा आणि आमुरोचा प्रतिस्पर्धी शार याला लढाईसाठी झिऑंग हे नवे लढाऊ यंत्र दिले जाते. ते ८० टक्केच पूर्ण झाले आहे आणि त्याला पाय नाहीत. शार पायांविषयी विचारतो, तेव्हा तिथला साधा तंत्रज्ञ सांगतो, की पाय म्हणजे नुसती शोभा आहे, वरच्या लोकांना ते कळत नाही. मग शार विचारतो, की मला हे यंत्र चालवता येईल का, आणि तो तंत्रज्ञ तोंडावर सांगतो, की तुमची न्यूटाइप म्हणून क्षमता किती आहे ते अजून कोणालाच माहीत नाही, तेव्हा खात्री कशी देणार? हे स्पष्ट बोलणे शारला रुचत नाही. तरी त्यानंतर तंत्रज्ञ जे सांगतो, ते ऐकण्यासारखे आहे: ही कदाचित केवळ मनाची समजूत असेल, पण आपण हे नीट निभावून न्याल.

माझे काम कारखान्यात देखभाल विभागात आहे, म्हणून या प्रसंगाने मला धरून ठेवले. वार्षिक दुरुस्तीनंतर यंत्र पहिल्यांदा सुरू करताना माझ्या हाताखालचा मुलगा बटणावर बोट ठेवून माझ्याकडे पाहतो आणि विचारतो, "सर, चालेल ना?" एकदा मी, बेअरिंगच्या आवाजाविषयी मनात शंका असतानाही, केवळ त्याचा हात कापू नये म्हणून "चालेल, लाव" असे सांगितले. यंत्र चालले, कोणाला काही झाले नाही. पण ते बेअरिंग पुढच्याच आठवड्यात गेले, आणि तेव्हापासून तो मुलगा माझ्या "चालेल" या शब्दानंतर स्वतः कान लावून पाहतो. मला त्याचे वाईट वाटत नाही, त्याने तसेच करावे. मी मात्र तेव्हापासून त्या तंत्रज्ञासारखे बोलायचा प्रयत्न करतो: काय माहीत आहे ते सांगायचे, काय माहीत नाही तेही सांगायचे, आणि धीर द्यायचा असेल तर हा धीर आहे, हिशेब नव्हे, हे समोरच्याला कळू द्यायचे. आमुरोला हे करता आले नसते का?

जुनी चित्रफीत

यंत्रशाळा यांचा मुद्दा वजनदार आहे, परंतु तंत्रज्ञ शार या मुरलेल्या योद्ध्याशी बोलत होता आणि आमुरोसमोर भेदरलेली मुले होती, हे विसरता येत नाही. शिवाय आमुरो कोणत्या अवस्थेतून तिथे आला आहे तेही पाहावे. आदल्याच भागात कपाळावर टिकली असलेली झिऑनची न्यूटाइप लाला, जिच्याशी त्याचे मन क्षणभर पूर्णपणे जुळले होते, ती शारला वाचवताना त्याच्याच हातून मारली गेली आहे. न्यूटाइपपणाने त्याला आतापर्यंत दिले ते एवढेच. त्याच शब्दाचा आधार तो इतरांना देतो, हे मला फार मोठे वाटते.

आणखी एक गोष्ट. सतराव्या भागात हाच आमुरो, ब्राइट आपल्याला गंडमवरून उतरवणार हे कानावर पडताच, रागाने गंडम घेऊन जहाजावरून पळून गेला होता. पळून जाण्याची ओढ काय असते, हे त्या जहाजावर त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार? त्या भागाच्या जपानी शीर्षकातला 'पलायन' आणि शेवटच्या, त्रेचाळिसाव्या भागाच्या शीर्षकातला 'बाहेर पडणे', या दोन्ही शब्दांचे पहिले चित्राक्षर एकच आहे. योशियुकी तोमिनो यांनी दिग्दर्शित केलेली ही मालिका मुळात ५२ भागांची ठरली होती, पण प्रतिसाद कमी म्हणून ४३ भागांतच आवरावी लागली. त्यात पात्रांची रेखाटने करणारे योशिकाझु यासुहिको शेवटच्या टप्प्यात आजारी पडले. त्यामुळे या भागांतली चित्रे जागोजागी ओबडधोबड आहेत आणि युद्धाची तयारी काही मिनिटांतच उरकलेली आहे. तरीही लिफ्टमधल्या प्रसंगाला वेळ दिला गेला. तो गाळला असता तर कथानक कुठेही तुटले नसते, हे लक्षात घ्या.

जाता जाता सांगतो, 'आ बाओ आ कू' हे नाव अर्जेंटिनाचे लेखक बोर्हेस यांच्या काल्पनिक प्राण्यांवरच्या पुस्तकातही आहे, आणि तिथला तो प्राणी चित्तोडच्या विजयस्तंभाच्या पायऱ्यांवर राहतो. कोणी वर चढू लागले, की तो जागा होऊन त्याच्या मागे मागे येतो. चढणारा अंतर्बाह्य शुद्ध असेल तरच त्या प्राण्याला शेवटची पायरी गाठता येते, नाहीतर तो आधीच अडखळून कण्हत राहतो, आणि चढणारा खाली उतरला, की पुन्हा पहिल्या पायऱ्यांपर्यंत घरंगळतो. या किल्ल्यावर लढणाऱ्या दोन्ही बाजूंच्या माणसांचा विचार करताना मला ही गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही.

दुर्बीण

तिघांचेही मनापासून आभार. आपले लिखाण वाचून काल रात्री मी बेचाळिसावा आणि त्रेचाळिसावा असे दोन्ही भाग सलग पाहिले.

लिफ्टमध्ये सेलाच्या बोलण्यावर दुसरा सोबती काई म्हणतो, की माणूस उलटा टांगला तरी देव होऊ शकत नाही. पहिल्या खेपेला मला तो टोमणा वाटला होता. या वेळी त्याचा आवाज नीट ऐकला, तेव्हा त्यात सुटका वाटली. आमुरो आपल्यासारखाच आहे, त्यालाही पुढचे दिसत नाही, आणि तरीही तो आपल्याबरोबर निघाला आहे. म्हणजे यंत्रशाळा म्हणतात तसे खरे बोलणेही त्याच भागात होते, फक्त ज्यांना झेपेल त्यांच्यापाशी होते. बाकीच्यांना ते कळले नाही, ही माझी तक्रार मात्र अजून उरली आहे.

शेवटच्या भागात व्हाइट बेस किल्ल्यावर निकामी होऊन पडते आणि जळत्या किल्ल्याच्या आतून आमुरोचा आवाज एकेकाच्या मनात उमटतो: आता जहाज सोडा, इकडून निघा. त्या वेळी त्याला खरोखरच दिसत असते, आणि सगळी मंडळी जीवरक्षक नौकेतून बाहेर पडतात. तो स्वतः मात्र आत राहिलेला असतो. नौकेत कोणीतरी सेलाला विचारते, की तुला आमुरो कुठे आहे ते जाणवत नाही का. ती रडत म्हणते, की माणूस इतका सोयीचा होऊ शकत नाही. लिफ्टमध्ये काई जे म्हणाला होता, तेच ती आता वेगळ्या शब्दांत म्हणत असते. आणि तेवढ्यात तिच्या शेजारची कात्झ, लेत्झ आणि किक्का ही तीन लहान मुले, कोणी न विचारताच, आमुरोला वाट सांगू लागतात: असाच सरळ ये, आता उजवीकडे, घाबरू नकोस, बाहेर आलासच. मग ती तिघे मिळून उलटे आकडे मोजतात, आणि शून्य म्हणताक्षणी धुरातून त्याचे लहानसे विमान बाहेर येते.