मराठी एकांकिकेला तेलुगू उपशीर्षकं: पडदा आणि प्रोजेक्टरबद्दल मदत हवी आहे

सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहात आमची एकांकिका आहे. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू भाषक प्रेक्षकांसाठी उपशीर्षकं द्यायची आहेत. तेलुगू मजकूर जाणकाराकडून तपासून झालाय. एका वेळी दोनच ओळी, काळ्यावर पांढरी अक्षरं. दुसऱ्या लॅपटॉपवर जोडाक्षरं तुटत होती, म्हणून सगळ्या स्लाइड चित्ररूपात काढल्या. आपोआप वेळ लावून जमत नाही, नट थांबे घेतात. त्यामुळे संहिता पाठ असलेला माणूस हातानेच पुढे ढकलतो.

अडचण पडद्याची. रंगमंचाच्या कमानीवर लावला तर पुढच्या रांगांना मान वर करावी लागते. विंगेशेजारी लावला की नजर नटावरून सुटते, आणि उपशीर्षकांनी नटाला झाकोळणं अजिबात नको. शिवाय अंधार केला की पांढऱ्या पडद्यावर प्रोजेक्टरचा राखाडी चौकोन दिसतो! लेन्ससमोर पुठ्ठा धरून अंधार मिळतो, पण शांत प्रवेशात मंद प्रकाश असतो तिथे काय करायचं?

प्रोजेक्टर ३३०० ल्युमेनचा आहे. एलईडी भिंतीचं भाडं परवडणार नाही, भिंतीला खिळा मारता येत नाही.

पांढऱ्याऐवजी राखाडी कापड लावलं तर चौकोन दबेल, पण पिवळ्या प्रकाशात शेवटच्या रांगेतून अक्षरं वाचता येतील का? आणि पडदा नेमका कुठे टांगावा?