मदत हवी आहे: आजोबांच्या वहीतले शाळांचे जुने शब्द (व्ह. फा., इंग्रजी सहावी, वस्तानिया वगैरे)

नमस्कार मंडळी,

माझ्या आजोबांची एक दोनशे पानी वही सापडलीये, त्यांनी रिटायर झाल्यावर लिहिलेली. गेले दोन महिने मी रोज रात्री थोडी थोडी टाईप करतेय म्हणजे घरातल्या सगळ्यांना मोबाईलवर वाचता येईल. आजोबा सातारा जिल्ह्यात प्राथमिक शिक्षक होते. अक्षर सुरेख आहे, वाचायला काही त्रास नाही, पण शाळांचे शब्द आले की मी अडकते कारण ते आता कुणी वापरत नाही आणि घरात विचारावं असं मोठं माणूस राहिलेलं नाही, एक आत्या आहेत पण त्यांनाही नीट सांगता येत नाहीये.

आजोबा लिहितात की ते बिगरीत चार महिने बसले, मग पहिली. (बिगरी म्हणजे पहिलीच्या आधीचा वर्ग, एवढं माहितीये.) तिसरीत असताना गावात "व्हॉलंटरी शाळा" निघाली, त्याआधी ओढा ओलांडून शेजारच्या गावी "लोकल बोर्डाच्या शाळेत" जायचे. चौथीनंतर "पूर्ण शाळेत" आणि 1943 ला "व्ह. फा. झालो". लगेच पुढच्या ओळीत नोकरी! माझी मुलगी सातवीत आहे, तिने विचारलं की पणजोबा सातवी शिकून शिक्षक कसे झाले, मला उत्तर देता आलं नाही.

थोरले आजोबा (आजोबांचे मोठे भाऊ) लहानपणी मामाकडे राहिले, त्यांच्याबद्दल लिहिलंय "अण्णा ए. व्ही. स्कूल करून कराडला हायस्कुलात गेला, इंग्रजी सहावीत असताना 42 साली शाळा सुटली." अण्णा आजोबांचा जन्म 1924 चा. अठराव्या वर्षी सहावीत? आमच्याकडे सगळे असंच म्हणत आलेत की अण्णा सहावीच शिकले, डोकं शेतीत होतं. मला ते जरा खटकतंय.

आणि शेवटचं, आजीचं माहेर परभणीकडचं. तिच्या भावाबद्दल "वस्तानिया पास" असं आहे. हे गावाचं नाव आहे का शाळेचं?

कंसात आजचा शब्द द्यायचा विचार आहे, म्हणून विचारतेय. कृपया माहीत असेल तेवढंच सांगा, अंदाज नको, कारण हे घरात कायमचं राहणार आहे.

मास्तरांची लेक:
ताई, व्ह. फा. म्हणजे व्हर्नाक्युलर फायनल. माझे वडीलपण व्ह. फा. मराठी सातवीच्या शेवटी सरकारी परीक्षा असायची, सगळे विषय मराठीत, आणि ती पास झालं की प्राथमिक शिक्षक होता यायचं, तलाठी होता यायचं. नंतर तिलाच पी.एस.सी. (प्रायमरी स्कूल सर्टिफिकेट) म्हणायला लागले. कंसात नुसतं "सातवी" लिहू नका हो, मुलांना वाटेल आत्ताची सातवी. "मराठी सातवीची सरकारी परीक्षा" असं लिहा. पूर्ण शाळा म्हणजे सातवीपर्यंतचे सगळे वर्ग असलेली, लहान गावात चौथीपर्यंतच असायची ना. आणि वहीत पुढे "ट्रेंड" असा शब्द आला तर गोंधळू नका, ट्रेनिंग कॉलेज करून आलेला तो ट्रेंड, नाहीतर अनट्रेंड, पगारात फरक पडायचा.

जुनी पाटी:
इंग्रजी सहावीचा हिशोब वेगळा आहे. तेव्हा मराठी चौथी झाली की इंग्रजी शाळेत नाव घालायचे आणि तिथे परत पहिलीपासून मोजायचे. इंग्रजी पहिली म्हणजे आपली पाचवी. इंग्रजी सातवी म्हणजे अकरावं वर्ष, तीच मॅट्रिक. (अकरावीची एसएससी आमच्या थोरल्या भावाने दिली, दहावीची पहिली बॅच 1975 ची.) म्हणजे तुमचे अण्णा आजोबा शाळेच्या दहाव्या वर्षात होते, मॅट्रिकला एकच वर्ष राहिलं होतं. अठरा वय एकदम बरोबर बसतं. ए. व्ही. म्हणजे अँग्लो व्हर्नाक्युलर, बहुतेक ठिकाणी इंग्रजी तिसरीपर्यंतच असायची, पुढे हायस्कूलसाठी तालुक्याला जावं लागायचं, तुमच्या वहीत तसंच आहे बघा.

लोकल बोर्ड म्हणजे जिल्हा लोकल बोर्ड. 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा आल्या, त्यानंतर ती झेडपीची शाळा.

कृष्णाकाठ:
व्हॉलंटरी शाळेबद्दल सांगतो. सातारा जिल्ह्यात आणि त्यातही 1938 च्या आसपास म्हणजे बहुतेक रयत शिक्षण संस्थेची असणार, वहीत संस्थेचं नाव आहे का बघा. 1937 ला मुंबई प्रांतात काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं, तेव्हा सरकार अनुदान देणार आणि शाळा खाजगी संस्थेने काढायची असं धोरण होतं आणि कर्मवीर भाऊराव पाटलांनी जिथे शाळाच नव्हती अशा गावांत, वाड्यांवर या शाळा काढल्या. कितीतरी शाळा देवळात नाहीतर चावडीत भरायच्या. शिक्षक लागणार म्हणून साताऱ्यात 1935 लाच ट्रेनिंग कॉलेज काढलेलं होतं. कंसात "अनुदानित" लिहू नका, आज त्याचा अर्थ वेगळा होतो. व्हॉलंटरी हाच शब्द ठेवा आणि खाली दोन ओळी लिहा.

परभणीकर:
वस्तानिया गाव नाही 🙂 मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, शिक्षण उर्दूतून. प्राथमिक म्हणजे तहतानिया, मिडल म्हणजे वस्तानिया, हायस्कूल म्हणजे फोकानिया. मूळ अरबी शब्द आहेत, तहत म्हणजे खाली, वस्त म्हणजे मध्ये, फौक म्हणजे वर. म्हणजे आजीचे भाऊ मिडल स्कूल पास, आणि तेही घरी मराठी बोलून शाळेत सगळं उर्दूतून शिकून. माझे आजोबा म्हातारपणीसुद्धा पाढे उर्दूत म्हणायचे.

धागाकर्ती:
सगळ्यांचे खूप आभार, एका दिवसात एवढं कळेल असं वाटलं नव्हतं. वही परत उघडून बघितली. व्हॉलंटरी शाळेच्या पानावर "अण्णांची संस्था" असं आहे आणि मी ते आमचे अण्णा समजून पुढे गेले होते! ते कर्मवीर अण्णा असणार ना?

आत्यांना आत्ताच फोन केला. म्हटलं अण्णा सहावी नाही, दहावीच्या वर्षाला होते, मॅट्रिकला एक वर्ष कमी. त्या बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या की ट्रंकेत त्यांचं एक इंग्रजी भूमितीचं पुस्तक आहे, कुणाचं ते कधी कळलं नव्हतं. रविवारी आणायला जातेय.

एक राहिलं, 1950 नंतरच्या पानांवर "जीवन शिक्षण मंदिर" येतं, त्याचे फक्त टकळी आणि सूतकताईचे उल्लेख आहेत. बेसिक शाळा (गांधीजींच्या कल्पनेतली, हाताच्या कामातून शिकवणारी) म्हणतात ती हीच का?