चोक सोडताच बंद पडते? आधी पायलट जेट पाहा

पावसाळाभर उभी राहिलेली १०० सीसी गाडी चोकवर चालते आणि चोक सोडताच बंद पडते, म्हणजे बहुतेक पायलट जेट (कार्बोरेटरमधला, कमी वेगावर इंजिनला पेट्रोल देणारा बारीक छिद्राचा भाग) तुंबला आहे. वडोदऱ्याच्या दमट हवेत हे होतंच, कारण पेट्रोलमधलं इथेनॉल ओल धरतं. काहीजण नुसतं चेंबरमधलं (कार्बोरेटरच्या तळाच्या वाटीतलं) पेट्रोल काढायला सांगतात, पण त्याने जेट साफ होत नाही.

पेट्रोलचा कॉक बंद करून चेंबर रिकामा करा, मगच कार्बोरेटर उतरवा. जवळ गॅस, दिवा काही नको. एअर स्क्रू (हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा) काढण्याआधी तो हलक्या हाताने पूर्ण आत फिरवून किती फेरे लागले ते लिहून ठेवा, बसवताना तेवढाच उघडायचा. जेट पितळी असतात. स्क्रूड्रायव्हर खाचेत घट्ट बसणाराच घ्या, नाहीतर खाच झिजते. आणि भोकात तार कृपा करून घालू नका! भोक जरा मोठं झालं की ॲव्हरेज कायमचं घसरतं. कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे मारून दहा मिनिटं थांबा, मग हवा मारा. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची चालते. उजेडासमोर धरल्यावर गोल, स्वच्छ छिद्र दिसलं पाहिजे. रबरी ओ-रिंग आधीच काढा, क्लीनरने त्या फुगतात.

जोडल्यावर ओव्हरफ्लोच्या नळीतून पेट्रोल गळलं तर फ्लोटच्या (चेंबरमधल्या पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगाच्या) सुईखाली कचरा आहे. आयडलिंग (ॲक्सिलरेटर न देता इंजिन चालतं तो वेग) इंजिन गरम झाल्यावरच लावा, साधारण १४०० आरपीएम.