हिरवी खूण आली म्हणजे कनेक्शन झालं?

पाइपलाइनकर:
काल 'बिनकोड' यांनी लिहिलं की डेटा इंटिग्रेशनच्या टूलमध्ये (एका सिस्टिममधला डेटा दुसरीत नेणाऱ्या) वेब सर्व्हिसचं, म्हणजे वेबच्या पत्त्यावरून डेटा देणाऱ्या प्रोग्रामचं, कनेक्शन दहा मिनिटांचं काम आहे. यूआरएल टाका, युजरनेम-पासवर्ड टाका, टेस्टचं बटण दाबा, हिरवी खूण आली की झालं. ज्याला जास्त वेळ लागतो त्याला टूल येत नाही. हे शेवटचं वाक्य वाचून राहवलं नाही, म्हणून वेगळा धागा.

ती हिरवी खूण बहुतेक वेळा एवढंच सांगते की त्या पत्त्यावर कुणीतरी उत्तर दिलं. डेटाबेसची सवय असलेली माणसं इथंच फसतात. डेटाबेसला जोडलं की टेबलं दिसतात, कॉलमचे प्रकार दिसतात, सिलेक्ट मारला की सगळ्या ओळी येतात. वेब सर्व्हिस शंभर ओळी देऊन थांबते, पुढचं पान आपण मागायचं. टोकन, म्हणजे लॉगिननंतर मिळणारा तात्पुरता पास, तासाभरात संपतं आणि डेटा भरण्याचं काम त्याहून जास्त चालतं. फार वेळा विचारलं की ४२९, म्हणजे 'फार विनंत्या झाल्या' हा एरर कोड, येतो. सोबत रिट्राय-आफ्टर हेडरमध्ये किती थांबायचं तेही बऱ्याचदा लिहिलेलं असतं, पण टूल ते न वाचता लगेच पुन्हा धडका मारतं.

एका ग्राहकाकडची ऑर्डरची सर्व्हिस काहीही चुकलं तरी २०० ('सगळं ठीक' हा कोड) द्यायची आणि चूक आत जेसनमध्ये, म्हणजे उत्तराच्या मजकुरात, 'एरर' फील्डमध्ये ठेवायची. टूलच्या लेखी २०० म्हणजे यश. रात्री टेबल रिकामं व्हायचं, त्यात शून्य ओळी भरल्या जायच्या आणि जॉब, म्हणजे टूलमधलं डेटा आणण्याचं ठरलेलं काम, हिरवा. विक्री शून्य कशी म्हणून वरून फोन आला तेव्हा कळलं. टेस्टचं बटण त्या दिवशीही हिरवंच होतं.

बिनकोड:
तुमच्या गोष्टीत दोष सर्व्हिस लिहिणाऱ्याचा आहे आणि खापर माझ्यावर फोडताय. पेजिनेशन (पुढची पानं मागणं), रिट्राय (पुन्हा प्रयत्न) हे जॉबचे प्रश्न. कनेक्शन वेगळं, जॉब वेगळा.

मी ते का लिहिलं तेही ऐका. आमच्याकडे प्रत्येक सर्व्हिससाठी कुणीतरी पायथनची स्क्रिप्ट लिहून ठेवलीय. पासवर्ड स्क्रिप्टमध्येच, लॉग नाही, आणि लिहिणारा नोकरी सोडून गेलेला. "टूलमध्ये जमत नाही" हे कारण मी इतक्या वेळा ऐकलंय की आता डोकं फिरतं. जमतं. लोक दस्तऐवज वाचत नाहीत.

एक्सेमेल:
हे सगळे रोग रेस्टचे, म्हणजे वेब सर्व्हिसच्या सैल पद्धतीचे. सोप या काटेकोर पद्धतीत डब्ल्यूएसडीएल, म्हणजे सर्व्हिसचं वर्णन करणारी फाइल, दिली की ऑपरेशन्स आणि फील्डचे प्रकार टूल स्वतः वाचतं. चूक झाली तर फॉल्ट, म्हणजे चूक सांगणारा संदेश, येतो, आणि सोप १.१ च्या नियमानुसार तो एचटीटीपी ५०० या एरर कोडसोबतच यायला हवा. २०० मध्ये चूक लपवायची सोयच नाही. रेस्टमध्ये टूल एक नमुना बघून प्रकार ठरवतं. नमुन्यात फील्ड नल (रिकामं) असेल तर बसा अंदाज लावत.

रात्रपाळी:
एक्सेमेल, डब्ल्यूएसडीएलमध्ये एंडपॉइंटचा पत्ता म्हणून लोकलहोस्ट, म्हणजे 'हेच मशीन', लिहिलेलं मी किती वेळा पाहिलंय! टूल इमानदारीत स्वतःच्याच मशीनवर जाऊन सर्व्हिस शोधतं. तिकडे सर्व्हिस सोप १.२ ची आणि टूल १.१ चं कंटेंट-टाइप पाठवतं, की आलाच ४१५ ('हा प्रकार चालत नाही' हा कोड).

पण खरी रात्र खाणारी गोष्ट कुणी काढलीच नाही. सर्टिफिकेट, म्हणजे सर्व्हरचं ओळखपत्र. ब्राउझरमध्ये यूआरएल छान उघडतं आणि टूल म्हणतं 'पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड', म्हणजे सर्टिफिकेटांची साखळी जुळत नाही. कारण सर्व्हर साखळीतलं मधलं, म्हणजे इंटरमीडिएट सर्टिफिकेट पाठवतच नाही. ब्राउझर ती उणीव स्वतः भरून काढतो, टूल ज्यावर चालतं ते जावा आपणहून तसं करत नाही. समोरची टीम मात्र ठणकावून सांगते, आमच्याकडे तर उघडतंय.

बिनकोड:
त्यासाठी सर्टिफिकेटचं व्हेरिफिकेशन (तपासणी) बंद करायचा चेकबॉक्स असतो. आतल्या नेटवर्कवर काय बिघडतं?

सर्व्हरराखण:
काय बिघडतं? मध्ये बसलेला कुणीही तुमचं टोकन उचलू शकतो, हे बिघडतं. एन्क्रिप्शन चालू आहे, पण कुणाशी बोलतोय ते तपासलेलंच नाही. "आतलं नेटवर्क" म्हणून सोडून दिलेल्या अशा चेकबॉक्सचे ऑडिट मी केलेत. चाचणीपुरतं म्हणून बंद केलेलं प्रॉडक्शनमध्ये तसंच गेलेलं असतं, आणि त्याच कनेक्शनवरून पगाराचा डेटा जातो. दुसऱ्याला टूल येत नाही म्हणणाऱ्यानं हे लिहावं याचा मला खरोखर संताप येतो.

बिनकोड:
आवाज खाली ठेवा. चेकबॉक्स मी बनवलेला नाही. आणि सर्टिफिकेट टूलमध्ये इंपोर्ट केलं तरी वर्षभरात ते संपतं आणि रात्री जॉब पडतो. तेव्हा फोन तुम्हाला येत नाही, मला येतो.

सर्व्हरराखण:
कारण तुम्ही सर्व्हरचं स्वतःचं सर्टिफिकेट इंपोर्ट करता. ते बदललं की तुटणारच. आणि आता ते फार लवकर बदलणार आहे. सीए/ब्राउझर फोरमनं, म्हणजे सर्टिफिकेट देणाऱ्या संस्था (सीए) आणि ब्राउझर बनवणारे यांच्या मंचानं, एप्रिल २०२५ मध्ये ठरवलंय: कमाल मुदत ३९८ दिवसांवरून १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ पासून १०० आणि १५ मार्च २०२९ पासून ४७. दर ४७ दिवसांनी हातानं इंपोर्ट करणार आहात का?

बिनकोड:
तो नियम सार्वजनिक सर्टिफिकेटांना. आमची सीए आतली आहे, तिला लागू नाही.

सर्व्हरराखण:
बरोबर, लागू नाही. मग तर तुमचं काम आणखी सोपं. त्या सीएचं रूट, म्हणजे मूळ सर्टिफिकेट, एकदा ट्रस्टस्टोअरमध्ये (टूल ज्यांच्यावर विश्वास ठेवतं त्या सर्टिफिकेटांच्या फाइलमध्ये) घाला. सर्व्हरची सर्टिफिकेटं कितीही बदलोत, रूट सहसा बरीच वर्षं टिकतं. व्हेरिफिकेशन बंद करायचं कारणच उरत नाही.

पाइपलाइनकर:
आणि आता मोजा. रूट कुणाकडून मिळवायचं, ट्रस्टस्टोअरला हात लावायची परवानगी कुणाची, टूल रीस्टार्ट कधी करू देतील. यातलं एकही दहा मिनिटांत होत नाही, आणि हा तर तुमच्याच व्याख्येतला "कनेक्शन"चा भाग.

बिनकोड:
ठीक आहे. सर्टिफिकेट, परवानग्या, खरा दस्तऐवज हे सगळं आधीच हातात असेल तरच दहा मिनिटं, एवढं मान्य. "टूल येत नाही" हे वाक्य मागे घेतो. स्क्रिप्टबद्दल मात्र एक शब्दही मागे घेणार नाही.

पाइपलाइनकर:
स्क्रिप्टची बाजू मी घेतलीच कुठे? पासवर्ड स्क्रिप्टमध्ये ठेवणाऱ्यांबद्दल माझंही तेच मत आहे.

एक्सेमेल:
सोपबद्दल कुणीच उत्तर दिलं नाही. लोकलहोस्ट हा डब्ल्यूएसडीएल छापणाऱ्याचा हलगर्जीपणा, सोपचा नाही. शिवाय बऱ्याच टूलमध्ये तो पत्ता बदलता येतो.

रात्रपाळी:
बदलता येतो, हे मान्य. आधी बदलायचं सुचायला हवं, एवढंच.

बिनकोड, रूट घालणार असाल तर एक सांगतो. टूलसोबत आलेल्या जावाच्या तयार ट्रस्टस्टोअरमध्ये, म्हणजे कॅसर्ट्‌स फाइलमध्ये घालू नका. टूल अपग्रेड झालं की जावा नवं येतं, फाइल नवी येते आणि तुमचं रूट गायब. त्या फाइलची प्रत टूलच्या फोल्डरबाहेर ठेवा, त्यात रूट घाला आणि ट्रस्टस्टोअरचं सेटिंग त्या प्रतीकडे वळवा. प्रतच घ्या, कोरी फाइल नको. कोऱ्या फाइलमध्ये फक्त तुमचं रूट असेल आणि बाहेरच्या सगळ्या सर्व्हिस एका झटक्यात बंद पडतील.